डेबियन बसवताना आवाज पहिल्या मिनिटापासून

अंध व्यक्तीला लिनक्स बसवायचं असलं की आधी डोळस माणूस शोधला जातो. डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, असेल तर त्याची गरज नाही.

१. वायरचा हेडफोन लावा, ब्लूटूथवर विसंबू नका. मग इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा.

२. मेनू तयार झाला की बीप वाजते: संगणक सुरू करणारी जुनी प्रणाली (बायोस) असेल तर एकदा, नवी (यूईएफआय) असेल तर दोनदा. बीप आली की एस दाबून एंटर. काही वेळात इन्स्टॉलर बोलू लागतो. साउंड कार्डं एकाहून जास्त असतील तर ज्यातून आवाज ऐकू येईल तिथेच एंटर दाबा.

३. पुढचे प्रश्न ऐकत उत्तरं द्या. डेस्कटॉपसाठी (पडद्यावरच्या मेनू-खिडक्यांच्या मांडणीसाठी) मी माटे सुचवेन, त्याचे मेनू कीबोर्डवर सरळ चालतात.

असं बसवलं की नव्या सिस्टिममध्येही स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा वाचक (स्क्रीन रीडर) आपोआप जोडला जातो, आणि याच सोयीमुळे मला ही पद्धत फार आवडते. डेस्कटॉपवर ऑर्का, म्हणजे तिथला हा वाचक, गप्प वाटलाच तर सुपर (विंडोज चिन्हाची की), ऑल्ट आणि एस एकत्र दाबा.

डिस्क विभागणीचा प्रश्न मात्र पूर्ण ऐकल्याशिवाय 'हो' म्हणू नका, जुना डेटा तिथेच पुसला जातो.