जीपचं मागचं डिफरन्शियल घरी खोलताय? मग आधी हे बघा

५०-६० च्या स्पीडला मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला की आपण आधी टायरला शिव्या घालतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलतो का बघा, बदलत असेल तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) किंवा पिनियनची बेअरिंगं, आणि वळणावर बदलत असेल तर बहुतेक व्हील बेअरिंग, म्हणजे उगाच हाउसिंग (डिफरन्शियलचं कवच) खोलायची गरज नाही.

खोलायचंच ठरलं तर गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावा. ऑइल काढा, एक्सल ओढून घ्या आणि बेअरिंग कॅपला पंचनं खूण करा, डावीला एक ठिपका, उजवीला दोन. कॅप एकमेकींच्या जागी बसत नाहीत, बसवल्या तर बेअरिंग जातंच. प्रत्येक शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) कुठून निघाला ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा. क्राउन आणि पिनियन जोडीनंच येतात, एकाला खड्डे पडले असतील तर दोन्ही घ्या.

बेअरिंग ओळखीच्या दुकानातून, बिलासकट, कारण डुप्लिकेट माल डबीवरून अजिबात ओळखू येत नाही. जुन्या कपात (बेअरिंगची बाहेरची रिंग) नवीन कोन (रोलरसकट आतली रिंग) घालून पैसे वाचवायला जाऊ नका, कपही बदला. कोन गरम तेलात साधारण १०० डिग्रीला तापवला की अलगद बसतो, हातोडीची गरजच पडत नाही.

आता खरी कसरत, प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती दाबून बसवायचं ते. पिनियन एकटाच, ऑइल सील न लावता बसवा, फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायची पिनियनवरची चकती) दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढा आणि फिरत असतानाचं रीडिंग घ्या, सुरुवातीचा झटका धरू नका. मॅन्युअलमध्ये २ न्यूटन-मीटर असेल आणि फ्लँजची त्रिज्या ५ सेंमी, तर काटा ४ किलोच्या आसपास हवा. तुमच्या एक्सलमध्ये क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपत जाणारी नळी) असेल तर नट हळूहळू आवळा, जास्त आवळला गेला तर मागे फिरवून भागत नाही, नवीन स्लीव्ह टाकावीच लागते (मी दोन घालवल्यात).

मग क्राउन चढवून डायल गेजनं बॅकलॅश (दोन्ही चाकांच्या दातांमधली मोकळीक) बघा, मॅन्युअलचा आकडा धरा, बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो. दातांना मार्किंग ब्ल्यू (दात कुठे टेकतात त्याचा ठसा दाखवणारा रंग) लावून फिरवा. ठसा दाताच्या टोकाकडे आला तर पिनियनच्या डोक्यामागचा शिम जाड करा, मुळाकडे आला तर पातळ. दोन-तीनदा परत खोलावं लागतं, कंटाळू नका.

सील शेवटी. ओठाला ग्रीस, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. फ्लँजवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवीन सीलसुद्धा गळणारच. आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारी वाट)! माझ्या जीपचं सील तीनदा बदललं, शेवटी कळलं ब्रीदर लाल मातीनं बुजलाय, आतली हवा तापून ऑइलला बाहेर ढकलतेय.

जीएल-५ ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल फिलर प्लगच्या भोकापर्यंत भरा. ५०० किमीनंतर काढून बघा. बारीक करडी पेस्ट असेल तर चालतंय, चकाकणारे तुकडे दिसले तर परत जॅक लावा.