इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेताना या चुका टाळा

दरवर्षी कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की कोणता लॅपटॉप घ्यावा हे विचारणारे फोन येऊ लागतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांपैकीच काही जण घेतलेला लॅपटॉप चालत नाही म्हणून कॉलेजातल्या आमच्या कॅड लॅबच्या (संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रयोगशाळेच्या) दारात उभे असतात. यंत्र बिघडलेले क्वचितच असते. ते निवडतानाच चुकलेले असते, आणि त्यावर दुरुस्तीचा इलाज नसतो.

पहिली चूक घाईची. पहिल्या फेरीत सिव्हिल मिळालेला मुलगा तिसऱ्या फेरीत कॉम्प्युटरला जाऊ शकतो. लॅपटॉप मात्र पंधरा ऑगस्टच्या सेलमध्येच घेऊन झालेला असतो. पहिल्या वर्षी सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम आणि प्रयोगवहीचे टंकलेखन यांपलीकडे फारसे काम नसते, तेवढे कॉलेजच्या लॅबमध्ये होते. त्यामुळे प्रवेश पक्का होऊन, त्या शाखेच्या वरच्या वर्गातील मुलांना कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतात हे विचारूनच खरेदी करावी, असे मी सांगत आलो आहे, ऐकणारे थोडेच. मेकॅनिकलचे सॉलिडवर्क्स, सिव्हिलची रेव्हिट, स्टॅड प्रो आणि ईटॅब्स, इलेक्ट्रॉनिक्सचे केल (Keil) ही सगळी विंडोजवर चालणारी आहेत. मॅकबुक उत्तम यंत्र आहे आणि प्रोग्रामिंग करणाऱ्याला ते पुरून उरते, पण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने ते घेतले, तर त्याला लॅबमधली खुर्ची काही सुटत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपचेही तसेच आहे. त्यावर विंडोज असते, बॅटरी दिवसभर पुरते, परंतु इंटेल आणि एएमडीसाठी लिहिलेली जड सॉफ्टवेअर त्यावर अडखळत चालतात किंवा चालतच नाहीत.

दुसरी चूक रॅमची, आणि तिचा मला खरोखर उबग आला आहे. ‘आत्ता आठ जीबी घेऊ, नंतर वाढवू’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. लातूरकडचा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक विद्यार्थी असाच लॅपटॉप घेऊन आला होता. सॉलिडवर्क्समध्ये स्क्रू जॅकचे सुटे भाग त्याने व्यवस्थित रेखाटले होते, पण जोडणी सुरू केली की पडदा गोठायचा. ‘सर, रॅम टाकून आणली की होईल ना?’ असे विचारत त्याने वडिलांनी पाठवलेले पैसेही दाखवले. आम्ही मागचे झाकण उघडले, तर आत रॅमचा स्लॉटच नव्हता; चार काळ्या चिप्स मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेल्या होत्या. विक्रेत्याने ‘सोळापर्यंत जाते’ असे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते: त्या मॉडेलची सोळा जीबीची आवृत्ती कंपनीकडून वेगळी येत होती. त्या मुलाने पुढचे सगळे असाइनमेंट लॅब बंद होईपर्यंत थांबून पूर्ण केले.

यावर माझी सवय साधी आहे. दुकानात मांडलेला त्याच मॉडेलचा नग चालू करायला सांगावा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे. तेथे ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले दिसले, तर रॅम बोर्डवर पक्की आहे. मग एखादा मोकळा स्लॉट असल्याची खात्री होत नसेल, तर सोळा जीबीच घ्यावी किंवा तो लॅपटॉप सोडावा. ‘सोडिम’ (SODIMM, म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) दिसले, तर स्लॉट आहेत, आणि त्यांपैकी किती वापरात आहेत हेही तेथेच कळते. दोन स्लॉट असून एकच पट्टी असेल, तर दुसरी टाकल्यावर नुसती जागा वाढत नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो. एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. परंतु ऑनलाइन सवलतीचे घड्याळ पडद्यावर उलटे धावू लागले की लोकांना तेवढाही धीर राहत नाही.

प्रोसेसरबाबत ‘आय फाइव्ह आहे’ एवढ्यावर थांबू नये, आणि आकडा मोठा म्हणजे चिप नवी असेही समजू नये. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात, पण पहिल्यात २०१९ सालच्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. त्या ७००० मालिकेत तिसरा अंक रचना सांगतो, पहिला नाही. शेवटचे अक्षरही वाचावे: यू म्हणजे वीज वाचवणारा, एच म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा.

गेमिंग लॅपटॉपबद्दल माझे मत कडवट आहे. ‘प्रोजेक्टसाठी लागतो’ असे घरी सांगून घेतलेल्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट किती होतात, हे हॉस्टेलच्या रेक्टरांना विचारावे. सव्वादोन किलोचे यंत्र आणि विटेएवढा अडॅप्टर रोज डोंबिवलीहून लोकलने नेऊन पाहावा. ज्याला खरोखर थ्रीडी मॉडेलिंग करायचे आहे त्याने घ्यावा, मात्र ग्राफिक्स कार्डाच्या नावाबरोबर त्याचे वॅटही पाहावेत, कारण वॅट कमी तसा वेगही कमी. आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड लॅपटॉपनुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालते. मशीन लर्निंगचा श्रीगणेशा करणाऱ्यांना गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेचे फुकट मिळणारे जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) बराच काळ पुरते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ईएमएमसी (एसएसडीपेक्षा बरीच मंद) साठवण असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वापरलेला घेताना विंडोज ११ अधिकृतपणे चालते की नाही ते पाहावे, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे सॉफ्टवेअर बसत नाही; त्यातून फुकट बाहेर पडता येते, पण परत जाता येत नाही. चोरीचे सॉलिडवर्क्स टाकून व्हायरस आणू नये. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात आणि अ‍ॅन्सिसची मर्यादित आवृत्तीही मिळते.

लॅपटॉप मंद झाला म्हणून आणतात, तेव्हा मी आधी तो कोठे वापरता हे विचारतो. गादीवर ठेवला की खालची जाळी झाकली जाते, यंत्र तापते आणि वेग आपोआप उतरतो. चार्जर न जोडता सॉलिडवर्क्स चालवणारेही बरेच असतात. कार्ड असूनही चित्र अडकत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्समध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ द्यावे.

दुकानदाराला ‘सगळे टाकून द्या’ असे तर मुळीच सांगू नये. तो घाईत स्वतःच्याच ई-मेलने मायक्रोसॉफ्ट खाते उघडतो, डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाऊन बसते. पुढे बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली जाते, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री त्या दुकानदाराला शोधत फिरावे लागते. खाते विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या ई-मेलने उघडावे आणि ती की कागदावर उतरवून बिलाबरोबर घरी ठेवावी.