देवाचा आवाज की आपलंच मन? पारख करताना या चुका टाळा

आजीच्या बायबलची पाठ मोडलेली होती. नेमकी कुठं, ते मला फार उशिरा कळलं.

इंदूरमध्ये हातात चार पैसे आले की कुणी ना कुणी बायपासचा प्लॉट दाखवतंच. आम्हालाही दाखवला. डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीचं घरासाठीच्या जमिनीत रूपांतर, झालेलं नव्हतं, 'होऊन जाईल' एवढंच सांगत होते. आमच्या ह्यांचं मन होत नव्हतं. माझ्या मनानं मात्र तिथं बंगला बांधून पडदेसुद्धा लावले होते. रात्री प्रार्थना केली, डोळे मिटून आजीचं बायबल उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. यिर्मया, अध्याय २९, वचन ५. घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा. आता ह्याच्यापुढे ह्यांनी काय बोलायचं? सकाळी बयाणा देऊन आलो.

पैसे अडकले ते अडकलेच. पुढे एकदा तेच बायबल पुसायला काढलं, हातातून निसटलं आणि चटईवर पडून उघडलं. पुन्हा यिर्मया २९. आत वचनाचं जुनं कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. आजीनं ते वर्षानुवर्षं त्याच पानात ठेवलं होतं आणि पुस्तकाची पाठ तिथंच मोडली होती. मी मुद्दाम दहा वेळा उघडून पाहिलं. सात वेळा तेच पान.

आमच्या गुरुवारच्या प्रार्थनासभेत ही गोष्ट मी हसत सांगते. ऐकणाऱ्यांपैकी दोघंतिघं तरी नंतर हळूच स्वयंपाकघरात येऊन आपापला 'प्लॉट' सांगतात. हे लिखाण त्यातूनच आलं आहे.

बायबलला कौल लावू नका

कोकणात देवाला कौल लावतात, फूल उजवीकडून पडलं की हो, डावीकडून पडलं की नाही. डोळे मिटून बायबलवर बोट ठेवणं ह्याहून फार वेगळं नाही, फक्त फुलाच्या जागी वचन येतं.

माझ्या बोटाखालचं वचन खोटं नव्हतं. ते पत्र दुसऱ्या कुणाला लिहिलेलं होतं, एवढंच. यिर्मया संदेष्ट्यानं ते यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला पाठवलं, तिथं धरून नेलेल्या लोकांना. घरं बांधा, कारण इतक्यात परत येणं नाही. दहाव्या वचनात मुदतही दिली आहे, ७० वर्षं. म्हणजे पत्र हाती पडलेले बहुतेक जण तिथंच मरणार होते. आणि अकरावं वचन, ते कार्डांवर आणि कॅलेंडरवर छापतात ते, 'हिताचे संकल्प' वगैरे, ते ह्या मुदतीच्या लगेच नंतर येतं. ७० वर्षं काढून टाकून नुसते संकल्प घेतले की वचन गोड लागतं.

सगळ्यात लागलं ते आठवं वचन. माझं बोट होतं पाचव्यावर. तिथून तीन ओळी खाली लिहिलंय की तुमच्यातले संदेष्टे आणि शकुन पाहणारे तुम्हाला फसवू नयेत, आणि तुम्हीच पाडून घेतलेल्या स्वप्नांकडे लक्ष देऊ नका. आपणच पाडून घेतलेली स्वप्नं! पडद्यांचा रंग मला अजून आठवतो.

तेव्हा एखादं वचन फारच आपल्यासाठी आल्यासारखं वाटलं, तर आधी अख्खा अध्याय वाचा. कुणी, कुणाला, कोणत्या अडचणीत लिहिलं, ते पाहा. आपल्याकडे इंदूरला एक सोय आहे, ती वापरा: चर्चची उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, त्यामुळे बहुतेक घरांत दोन्ही बायबलं असतात. दोन्हीत वाचा. पाठ झालेल्या वाक्यावरून डोळा घसरतो, दुसऱ्या भाषेत तोच अडखळतो आणि थांबतो.

गिदोनाच्या लोकरीचंही तेच. रात्री लोकर पसरून, फक्त तीच दवानं भिजावी अशी खूण त्यानं देवाकडे मागितली होती. 'आज अमक्याचा फोन आला तर तुझी इच्छा समजेन' अशी अट घालणाऱ्यांनी बायबलमधल्या 'शास्ते' पुस्तकाचा अध्याय ६ नीट वाचावा. गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर पसरली ती त्याच्या भीतीपोटी. देवानं त्याला सांभाळून घेतलं, म्हणून ती पद्धत होत नाही.

'मनाला शांती वाटली' हा पुरावा नव्हे

हे वाक्य आपल्या मंडळ्यांत फार चालतं. लग्न, नोकरी, चर्च बदलणं, सगळ्यावर हाच शिक्का.

योना देवापासून पळत होता आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू देवाच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता, आणि गेथशेमानेत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांतीवरून निकाल लावायचा तर योना पास आणि प्रभू नापास. निर्णय झाला की माणसाला हलकं वाटतं, चुकीचा असला तरी. बयाणा दिला त्या रात्री मला फार छान झोप लागली होती.

मंचावरून आलेला शब्द

बाहेरून कुणी सेवक येतो, सभा भरते, आणि मध्येच तो बोट दाखवून म्हणतो, 'ताई, प्रभू मला दाखवतोय...' दोन हजार डोळे आपल्याकडे वळलेले असतात. त्या क्षणी 'आमेन'शिवाय दुसरं काही तोंडातून निघत नाही. ह्यात काही जण खरे असतात, काही लबाड, आणि बरेचसे प्रामाणिक पण घाईचे.

यिर्मयाचाच अध्याय २८ बघा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मया काय करतो? आधी म्हणतो, 'आमेन, परमेश्वर असंच करो.' मग एक शंका बोलून दाखवतो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्या काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. उत्तर त्याला नंतर मिळतं. इतका मोठा संदेष्टा, तोसुद्धा तिथल्या तिथं निकाल देत नाही. हनन्या त्याच वर्षी मेला, दोन वर्षं तर दूरच राहिली.

पण 'खरं झालं की नाही' एवढीच कसोटी धरली तरी फसायला होतं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा अध्याय १३ म्हणतो, चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस तुम्हाला कुठं नेतोय ते पाहा. इथं मला कवी नारायण वामन टिळक आठवतात. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हटलं. १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत जवळपास मुदतीत उतरलं. तरी टिळक त्या भाकितामुळे गेले नाहीत. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं, आणि मधला सगळा काळ त्यांनी वाचत आणि झगडत काढला.

आता इंदूरच्या सराफा बाजाराची गोष्ट. बाहेरगावचे लोक सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला जातात. मी एकदा दुपारी गेले होते, आजीची बांगडी घेऊन. म्हाताऱ्या सराफानं काळ्या दगडावर आधी बांगडी घासली नाही. आधी त्यानं आपल्याकडची सळई घासली, माहितीतल्या कसाची. तिच्या शेजारी बांगडी. दोन पिवळ्या रेघा. वर तेजाबाचा थेंब, मग डोळे बारीक करून वाट पाहणं. मी विचारलं, 'खरी आहे ना?' तो म्हणाला, 'खरी-खोटी नाही बाई, कस किती ते बघतोय.' बांगडी २२ ची निघाली नाही. तांबं बरंच होतं. पण सोनं होतं.

प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, 'सर्व गोष्टींची पारख करा. चांगले ते बळकट धरा.' तिथला मूळ ग्रीक शब्द धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरत. मराठीत पारख, हिंदीत परखो, सराफाच्याच तोंडचा शब्द. सभेत आलेला शब्द सहसा सगळा देवाचा किंवा सगळा सैतानाचा नसतो. बोलणाऱ्याची माया, त्याची भीती, काल ऐकलेली गोष्ट, असं तांबं त्यात मिसळलेलं असतं. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये सोर इथले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेनं पौलाला सांगतात, यरुशलेमला जाऊ नकोस. पुढे कैसरीयात अगब संदेष्टा पौलाच्या कमरबंदानं स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, ह्या माणसाला असं बांधतील. बेड्या खऱ्याच होत्या. 'जाऊ नकोस' हे मात्र त्यांचं प्रेम बोलत होतं, असं मला वाटतं. पौल गेला.

म्हणून शब्द आला की तो त्याच रात्री तारखेसह वहीत लिहा, जसाच्या तसा, आपले अर्थ न जोडता. १ करिंथ १४ सांगतं की दोघांतिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. म्हणजे ऐकणाऱ्यांनाही काम आहे. ज्यांचं आपल्या निर्णयात काही अडकलेलं नाही अशा दोघांना वही दाखवा. आणि शब्दासोबत पैशाची मागणी आली, किंवा 'घरच्यांना सांगू नको' असं आलं, तर दगडही काढू नका, उठून या.

संशयाला पारख म्हणू नका

'मला तिच्यात काहीतरी बरोबर वाटत नाही, प्रभूनं दाखवलं.' ह्यापुढे 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं' आलं की समजावं, आता निंदा सुरू. जिच्याविषयी बोलतोय तिच्यासमोर ते वाक्य म्हणता येईल का, एवढं स्वतःला विचारलं तरी अर्धे दृष्टांत विरतात.

ह्याचाच एक घातक प्रकार म्हणजे आजाराला आत्मा ठरवणं. आमच्या ओळखीत एका मुलीला ऐकू येणारे आवाज 'दुष्टात्म्याचे' म्हणून तिच्या गोळ्या बंद केल्या गेल्या. पुढचे महिने त्या घरानं काय पाहिलं ते मी लिहीत नाही. प्रार्थना जरूर करा, हात ठेवून करा, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

काळोखात वळण घेऊ नका

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पायाला जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची दिवास्वप्नं पाही: शौर्याची आणि संतांसारखं जगण्याची. रंगात असताना दोन्ही गोड. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडे, दुसरीनंतर आनंद मागे उरे. विचार चालू असताना नव्हे, तो सरल्यावर काय उरतं ते पाहावं, हे त्याला तिथं सापडलं. पुढे त्यानं नियम घातला: मन उदास आणि रिकामं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

थकव्यालाही हेच लागू. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता मला मरण दे' म्हणाला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. प्रश्न नंतर. रात्री अकराला चर्च सोडण्याचा मेसेज टाइप करत असाल तर आधी जेवा.

आणि चुकलंच असेल तर

ज्यांच्यासमोर 'प्रभूनं सांगितलं' म्हटलं होतं, त्यांच्यासमोरच 'ते प्रभूचं नव्हतं, माझं होतं' असं म्हणा. मला ते म्हणायला दीड वर्ष लागलं. गुरुवारच्या सभेत एकदाचं बोलून टाकलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग आमच्या आत्या म्हणाल्या, 'बरं झालं. आता चहा गाळ.' आमचे हे तर त्याआधीही काही बोलले नव्हते.

बायबलला नवी जिल्द करून घेतली आहे. आता ते कुठंही उघडतं. आजीचं कार्ड मी तिथंच ठेवलंय, फक्त मागे पेन्सिलनं '७० वर्षं' लिहून. प्लॉटवर दर पावसाळ्यात सोयाबीन उभं असतं, दुसऱ्या कुणाचं तरी.