वावरातला कॅमेरा ईजेपासून कसा वाचवला

आमचं वावर दारव्हा तालुक्यात. घरापासून गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची लॅन केबल होती. मृगाच्या आधी ईज कडाडली की कॅमेरा तरी जायचा, नाहीतर राउटरचं पोर्ट. एकदा पोर्ट उघडून पाहिलं, तर पिना काळ्या पडलेल्या आणि शेजारची बारकी चिप फुटलेली. वीज केबलवरच पडावी लागते असं नाही; जवळपास पडली तरी लांब तारेत झटका तयार होतो. त्यात घराचं आणि गोठ्याचं अर्थिंग वेगळं, त्यामुळे दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो अन् करंट केबलमधूनच वाट काढतो.

तांबं काढून फायबर, म्हणजे काचेच्या बारीक धाग्याची केबल टाकली, आत धातूची तार अजिबात नसलेली. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे लॅनचा सिग्नल उजेडात अन् उजेड परत सिग्नलमध्ये बदलणारी डबी. काचेतून करंट जातच नाही. लाईटच्या बाजूने येणाऱ्या झटक्यासाठी घरी आणि गोठ्यात डीबीमध्ये (लाईटच्या मेन बॉक्समध्ये) एसपीडी बसवले, म्हणजे जादाचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण. त्याची अर्थिंगची वायर आखूड आणि सरळ हवी, हे वायरमनदादाला समोर उभं राहून सांगितलं; वेटोळी वायर राहिली तर एसपीडीचा उपयोग फार कमी होतो.

थेट पडणाऱ्या विजेपुढे एवढं पुरत नाही. म्हणून ‘दामिनी’ ॲपवर वीज पडण्याचा इशारा आला की प्लग काढतोच, पण कडकडाट डोक्यावर यायच्या आधी. नंतर वायरीला हात लावत नाही.