देणगी देताना या चुका टाळा: गोव्यातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी

मार्चअखेरीला दुकानदार हिशेब घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा देणग्यांच्या पावत्यांची पिशवी वेगळी असते. चवथीचं मंडळ, देवळाचा कालोत्सव, फुटबॉलची टूर्नामेंट, कुणाचं डायलिसिस, भटक्या कुत्र्यांची संस्था. पिशवी टेबलावर उपडी करायची आणि विचारायचं, "यातलं करसवलतीला धरता येईल किती?" म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाच्या बेचाळीस पावत्यांतून माझ्या हाती तीनच लागल्या. बाकीच्यांवर ना पॅन, ना नोंदणी क्रमांक. "गाववाल्याला पॅन कसा विचारायचा?" हे त्यांचं उत्तर. चुका होतात त्या अशा भिडेपोटी.

साधं गणित आधी. २,००० रुपयांवरची देणगी रोख दिलीत तर करसवलत शून्य. तांदळाची पोती, वह्या, पंखे दिलेत तरी शून्य, वर त्या मालाच्या खरेदीवर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, तरी देणगीवरच्या सवलतीला बाजारात शब्द 'एटीजी'च आहे, म्हणजे जुन्या कायद्याचं कलम ८०जी. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ५० टक्केच वजावट मिळते, तीही कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत. म्हणजे भागीदारी फर्मने चेकने १०,००० दिले तर उत्पन्नातून ५,००० वजा होतात आणि ३० टक्क्यांच्या दराने कर वाचतो १,५०० रुपये. मालक एकटा असेल आणि त्याने नवी करप्रणाली घेतली असेल, तर तेवढेही नाहीत. आणि नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर पोर्टलवर तुमची देणगी नोंदवून काढलेलं प्रमाणपत्र हातात हवं.

जत्रेच्या कमानीवर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि 'सर्व प्रकारचे टाइल्स मिळतील' असं छापून घेतलं की ती देणगी राहत नाही, जाहिरात होते. त्यात वाईट काही नाही. उलट मी तर सांगतो, जाहिरात असेल तर जाहिरात म्हणूनच बिल घ्या, धंद्याच्या खर्चात धरता येईल. फक्त त्याच पैशाला दान म्हणू नका.

गिऱ्हाइकांकडून वेगळे जमवलेले पैसे आपल्या नावाने देऊन वजावट मागणं, हीही नेहमीची चूक. पैसे त्यांचे, सवलत तुम्ही कशी घेणार?

आता गोव्याची खास अडचण. हरमलला एका गेस्ट हाउसच्या काउंटरवर काचेची बरणी होती, वर कुत्र्याचं चित्र. आत दहा-वीसच्या नोटा, दोन युरोची नाणी, एक पाच पौंडांची नोट. मालकाचा हेतू निर्मळ होता. पण परदेशी नागरिकाने दिलेली देणगी रुपयांत असली तरी एफसीआरएच्या, म्हणजे २०१०च्या परकीय देणगी कायद्याच्या कक्षेत येते. ती या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच घ्यायची, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. मालकाने गोळा करून पुढे पोचवणं चालत नाही.

याचंच दुसरं टोक घरातलं. इंग्लंडमधल्या स्विंडनचा भाचा गावच्या संस्थेला पैसे पाठवतो. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःची कमाई बँकेतून पाठवत असेल तर हरकत नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याच्या लेखी तो परदेशी, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. हे सांगितलं की माणसं दुखावतात. "तो इथंच जन्मला हो!" जन्मला खरा. तरी पासपोर्ट कोणता ते विचाराच.

मात्र परदेशी पाहुण्याने दिलेलं खोलीचं भाडं ही धंद्याची मिळकत. त्यातून तुम्ही स्वतः इथल्या संस्थेला दिलेत तर ती परकीय देणगी नव्हे.

पैसे बाहेर पाठवायचे असतील तर फर्मच्या खात्यातून सरळ पाठवू नका. वर्षाला अडीच लाख डॉलरची जी मुभा आहे ती व्यक्तींना आहे, फर्म किंवा कंपनीला नाही. शिवाय परदेशी संस्थेला दिलेल्यावर इथे करसवलत नाही. आंतरराष्ट्रीय कामाला हातभार लावायचा तर इथे नोंदलेली शाखा शोधा. वन्यजीव संरक्षणाचं काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया १९६९पासून भारतीय ट्रस्ट आहे, तसं काही. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामावर खर्च करण्याची, सक्ती मोठ्या कंपन्यांना, उदाहरणार्थ ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे त्यांना. काजूच्या दुकानाने त्या शब्दाचा धाक घेऊ नये.

हरमलची बरणी अजून तिथेच आहे. आत कुत्र्यांची बिस्किटं, पाकीट वीस रुपयांना. पाहुणा विकत घेतो आणि दारातल्या काळ्याला घालतो. ती विक्री. त्याचं बिल मालक फाडतो, नफ्यातून दर महिन्याला संस्थेला चेक जातो.