लुवियन कोशातली भुतं : कीलाक्षरं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

लुवियन ही आजच्या तुर्कस्तानात एके काळी बोलली जाणारी, हित्तीची बहीण भाषा. ती शिकायची म्हणून थेट लुवियनच्या वर्गात जाऊन बसता येत नाही. आधी अक्कादियन (मेसोपोटेमियाची जुनी भाषा), मग हित्ती आणि हित्ती पुरती अंगवळणी पडली की लुवियन, असा हा रस्ता आहे. जर्मनीत असा अभ्यास सुरू केला तेव्हा मला हा वळसा उगाच वाटायचा. पण कीलाक्षरांतली (ओल्या मातीत खिळ्यांसारखे ठसे उमटवून लिहिलेली) लुवियन आपल्याला सापडते ती बहुतेक हित्तींच्या राजधानीच्या, हत्तुसाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकोयच्या, मातीच्या पाट्यांवर आणि तीही हित्ती विधींच्या पोटात. विधी करणारी ‘म्हातारी’ (हा तिचा हुद्दाच) काय करते ते हित्तीत लिहिलेलं असतं, मग ‘लुविली’ म्हणजे ‘लुवियनमध्ये’ असं येतं आणि पुढचा मंत्र लुवियनमध्ये सुरू होतो. पाटी फुटलेली असली की मंत्रही तिथेच तुटतो.

अशा तुटपुंज्या मजकुरात एकदाच आलेले शब्द पुष्कळ, आणि भुतं जन्माला येतात ती तिथेच. कुणीतरी एक चिन्ह चुकीचं वाचतं, त्यातून कधी नव्हताच असा शब्द तयार होतो, तो कोशात जातो. दुसरा कुणी त्याला इंडो-युरोपीय व्युत्पत्ती चिकटवतो आणि मग तो शब्द काढायला कुणी धजावत नाही. आपण संस्कृतवाले या मोहाला जास्तच बळी पडतो, कारण ओळखीचा धातू दिसला की आपल्याला राहवत नाही.

एक चिन्ह जवळून पाहू. ‘तर’ म्हणून जे शिकवतात तेच चिन्ह ‘हश’ असंही वाचता येतं. त्याच्यापुढे ‘प’ आला तर ‘तरप’ की ‘हशप’? पुढचा प्रत्यय दोन्हींना सारखाच बसतो. अशा वेळी त्याच विधीच्या दुसऱ्या प्रती धुंडाळायच्या. हत्तुसात एकेका विधीच्या अनेक नकला केल्या जात, ही आपली चैन. एखाद्या लेखनिकाने तोच शब्द ‘ह-अश-प’ असा फोडून लिहिला असेल तर वाद मिटला. नसेल तर वहीत दोन्ही वाचनं ठेवा. ‘नि’ आणि ‘लि’ यांचंही तेच : चिन्ह एक, उच्चार दोन.

शब्द कुठे तोडायचा हाही प्रश्न असतो. मोडी वाचलेल्यांना सलग ओळीचा त्रास वेगळा सांगायला नको. हत्तुसाचे लेखनिक मात्र दोन शब्दांमध्ये बारीकशी जागा सोडत. ओळीच्या शेवटी गर्दी झाली की ती जागा आक्रसते आणि नेमक्या तिथेच दोन शब्दांचा एक होतो. छापील लिप्यंतरात हे काही दिसत नाही. म्हणून श्टार्के यांची १९८५ची संहिता आणि मेल्चर्ट यांचा १९९३चा कोश टेबलावर असले तरी अभ्यासकाने पाटी पाहून हाताने काढलेली नक्कल पाहायची, मग माइन्त्सच्या हित्तीविद्या पोर्टलवरचे फोटो. फोटोवरही डोळे मिटून विश्वास नको. उजेड एकाच बाजूने पडला असेल तर उथळ खिळा दिसत नाही आणि ओरखडा खिळ्यासारखा दिसतो.

याच भाषेच्या चित्रलिपीत तर चुकीची रूपं घाऊक निघाली होती. तिथली दोन चिन्हं कित्येक वर्षं स्वर म्हणून, ‘इ’ आणि ‘ई’ अशी, वाचली जात होती. पूर्व तुर्कस्तानातल्या अल्तिन्तेपेला सापडलेल्या रांजणांवर धान्यमापाचं उरार्तू (तिथल्या जुन्या राज्याच्या भाषेतलं) नाव या चित्रलिपीत कोरलेलं होतं. उरार्तूतलं ‘तेरुसि’ हे माप इथे जुळवून पाहिलं तर शेवटच्या चिन्हात ‘स’ किंवा ‘झ’सारखं व्यंजन हवं होतं. हॉकिन्स, मोरपुर्गो-डेव्हिस आणि नॉयमान या अभ्यासकांनी १९७३ मध्ये ही आणि आणखी दोन चिन्हं नव्याने लावली. ‘हा’ या अर्थाचं ‘ई-’ हे सर्वनाम ‘झ-’ झालं आणि अनेकवचनाचा प्रत्यय कीलाक्षरांतल्या ‘-न्झि’शी जुळला. ज्या भाषेला तोवर ‘चित्रलिपीतली हित्ती’ म्हणत, ती लुवियनच आहे हे त्यानंतर पक्कं झालं. माझ्या मते नवख्याने पहिल्या वर्षी व्याकरणापेक्षा हा एक वाद नीट वाचावा.

व्यवहाराचं थोडं. जर्मन वाचता आलंच पाहिजे, फ्रेंच आलं तर लारोश यांचा १९५९चा कोश उघडतो. कायम नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या लेखासाठी नवा शब्द शोधायच्या भरीस पडू नका. कोशातला एकदाच आलेला, व्युत्पत्ती जरा जास्तच सुबक असलेला एखादा शब्द निवडा. त्याची पाटी, ओळ आणि हाताने काढलेली मूळ नक्कल शोधून काढा, तुटलेल्या कडेला संपादकाने चौकटी कंसात स्वतःच्या मनाचं किती भरलंय ते मोजा. मूळ मातीवर फक्त दीड चिन्ह उरलंय असं दिसलं, तर लेखाचा विषय मिळाला.