गोल फळीला लाकडी पट्टी: हे काम शिकताना

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या टोकाला पाव गोलाची उघडी फळी असते. तिच्या कडेची लाकडी पट्टी बघून कुणालाही वाटतं की सगळी कारागिरी ती वाकवण्यात आहे. या कामात नव्यानं येणारी मुलंही पहिलं हेच विचारतात: पट्टी किती वेळ भिजवायची, वाफ किती द्यायची? माझं मत वेगळं आहे. पट्टी वाकणार की मोडणार, हे ती निवडताना आणि चिरतानाच ठरलेलं असतं. वाफेचा नंबर त्यानंतर लागतो, आणि बऱ्याच फळ्यांना वाफ लागतही नाही.

आधी लाकडाचा स्वभाव समजून घ्या. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. कोरडं लाकूड साधारण एक टक्का ताण सोसतं, त्यापुढे रेषे सुटायला लागतात. वाफ दिली तरी ताण सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही, फार तर दोन टक्क्यांपर्यंत जाते. दाब सोसण्याची क्षमता मात्र प्रचंड वाढते. चांगल्या जातीचं वाफवलेलं लाकूड लांबीच्या दिशेनं वीस-पंचवीस टक्केसुद्धा आत दबू शकतं. रेष्यांना धरून ठेवणारं लिग्निन ओल आणि उष्णता मिळाली की मऊ होतं, गार झालं की पुन्हा घट्ट होतं. म्हणून लाकूड ताणून नाही, दाबून वाकवायचं असतं.

यातून एक हिशेब निघतो आणि तो तोंडपाठ असावा. त्रिज्या पट्टीच्या जाडीच्या निदान पन्नास पट असेल, तर सरळ रेष्यांची पट्टी कोरडीच वाकते. ३ मिमी पट्टीला १५० मिमी त्रिज्या, २ मिमीला १००. टोकाच्या फळीची त्रिज्या ३०० मिमी धरली तर हिशेबानं ६ मिमी पट्टीसुद्धा चालायला हवी. पण तेवढी जाड पट्टी गोंद सुकेपर्यंत दाबून धरायला फळीभर शिकंजे (क्लॅम्प) लागतात, आणि ती आयुष्यभर सरळ व्हायला बघत राहते. अशा फळीला एका थरात मी ३ मिमीच्या वर जात नाही.

आता निवड. फळकुटाच्या रुंद बाजूवर रेषे सरळ दिसतात म्हणून फसू नका. पट्टीच्या चारही बाजू बघायच्या. रेषे पट्टीच्या एका कडेतून शिरून पुढे दुसऱ्या कडेतून बाहेर पडत असतील तर ती जागा कमजोर, आणि मोडेल ती तिथेच. रेषे डोळ्यांना नीट दिसत नसतील तर शाईचा एक थेंब टाका. तो रेष्यांच्या दिशेनं लांबट पसरतो आणि खरी दिशा दाखवतो. याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्याच फळकुटाच्या टोकाचा लहान तुकडा पटाशी ठोकून फोडायचा. तडा रेष्यांच्या वाटेनं जातो. तो चिरायच्या रेघेला समांतर गेला तर लाकूड घ्या, तिरका गेला तर ते दाराच्या चौकटीला ठेवा. गाठ कितीही बारीक असली तरी नको, कारण तिच्याभोवती रेषे वळसा घेतात. शिकणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. एकेक पट्टी उजेडात फिरवून बघायची सवय लागली की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

जातींमध्ये ॲश, बीच, ओक आणि अक्रोड छान वळतात. सागवान मधल्या दर्जाचं आहे, बेतानं घ्यावं लागतं. वाफ द्यायची असेल तर हवेत वाळलेलं लाकूड शोधा. भट्टीत वाळवलेलं पुन्हा तितकं मऊ होत नाही. कोरडी पट्टी वाकवायची असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही.

त्रिज्या लहान असेल किंवा पट्टी जाड हवी असेल, तर दोन वाटा आहेत. पहिली वाफेची. जाडीच्या दर २५ मिमीला सुमारे तासभर वाफ, हा जुना अंदाज आहे. म्हणजे ६ मिमी पट्टीला पाऊण तास देण्याचं कारण नाही, पाव तास पुरतो. जास्त शिजवलेली पट्टी आतल्या बाजूला चुरगळते. वाफेची पेटी कधीही हवाबंद करू नका. वाफ बाहेर पडायला भोक हवं, साचलेलं पाणी निथळायला उतार हवा, आणि दार उघडताना तोंड बाजूला हवं. जाड हातमोजे घाला. पट्टी बाहेर काढली की अर्ध्या-एक मिनिटात ती साच्यावर बसली पाहिजे. म्हणून शिकंजे आधीच त्या मापावर उघडून हाताशी ठेवायचे.

पट्टीच्या बाहेरच्या बाजूला पातळ पत्रा लावून त्याची दोन्ही टोकं ठोकळ्यांनी अडवली, तर ताण पत्रा घेतो आणि लाकडाच्या वाट्याला फक्त दाब येतो. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटनं एकोणिसाव्या शतकात याच जोरावर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या कारखान्यात काढल्या. १८५९ची त्याची १४ नंबरची खुर्ची आजही ओळखली जाते. ओकसारख्या टॅनिन (लोखंडाशी काळं पडणारं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडाला साधा लोखंडी पत्रा लावला तर ओलीत काळे डाग पडतात. तिथे स्टेनलेसचा घ्या.

वाफवलेली पट्टी लगेच चिकटवायची नाही. साच्यावर दिवसभर ठेवून मग बांधलेल्याच स्थितीत वाळू द्यायची. वाळली का हे बोटानं कळत नाही. रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की ती तयार. साचा फळीपेक्षा थोड्या लहान त्रिज्येचा ठेवावा, कारण सोडल्यावर पट्टी जराशी उघडतेच.

दुसरी वाट पातळ थरांची, आणि नव्या माणसाला मी हीच आधी शिकवतो. दीड-दोन मिमीचे थर एकमेकांना चिकटवून साच्यावर दाबायचे. यात लाकूड परत सरळ होण्याचं प्रमाण थरांच्या संख्येच्या वर्गानं कमी होतं: चार थर असतील तर साधारण सोळावा हिस्सा, सहा असतील तर छत्तिसावा. म्हणजे एक-दोन थर वाढवले की आकार किती पक्का बसतो बघा. गोंद मात्र सुकल्यावर कडक होणारा हवा, युरिया फॉर्माल्डिहाइड किंवा इपॉक्सी. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो.

पाठीमागून करवतीनं खाचा पाडून वाकवायची पद्धतही आहे. लपणाऱ्या जागी ती चालते, पण पुढून बारीक पैलू दिसतात. डोळ्यांसमोरच्या फळीला ती मी लावत नाही. अगदी लहान कोपऱ्यासाठी व्हायोलिन-गिटार घडवणारे करतात तसं, ओलसर पातळ पट्टी तापलेल्या नळीवर फिरवत वळवता येते. त्याला हाताचा सराव लागतो. वाया जाणाऱ्या तुकड्यांवर रोज थोडं करत राहा.

फळीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. भोवती पट्टी गुंडाळायची असेल तर फळी प्लायची किंवा एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली) घ्या, अखंड लाकडाची नको. अखंड लाकूड हवामानाप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाही. भोवतीची पट्टी मात्र लांबीतच धावते, तिला हलता येत नाही. मग कुठेतरी सांधा सुटतोच, पट्टी कितीही सुंदर वाकवलेली असो.

फळीची कड राउटर (फिरत्या पात्यानं लाकूड कापणारं यंत्र) मध्यबिंदूवर फिरवून कापा. मग डोळे मिटून तळहात कडेवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारा सपाट भाग हाताला लगेच लागतो. तो वळणातच घासून काढा, कारण पट्टी बसल्यावर पॉलिशखाली तोच भाग चमकतो. कापताना उरलेला बाहेरचा अंतर्गोल तुकडा टाकू नका, पट्टी दाबून धरायला तोच वापरायचा. राउटरचं बिट (पातं) ६ मिमीचं असेल तर फळी आणि त्या तुकड्यात ६ मिमी फट राहते. ३ मिमी पट्टी आणि ३ मिमी रबर किंवा कॉर्क तिथे नेमकं बसतं आणि दाब सगळीकडे सारखा येतो. पाव गोलाला तो तुकडा अख्खा चालतो, अर्ध्या गोलाला दोन-तीन तुकडे करून लावा.

आधी गोंदाशिवाय सगळं एकदा बांधून बघायचं. पट्टी दोन्ही टोकांना चार-पाच बोटं जास्त ठेवा, कारण शेवटचा भाग वळायला तयार नसतो. दाबायला मधून सुरुवात करून टोकांकडे जा. पूर्ण गोल फळीला मापाचा घोळ होतो. ४५० मिमी व्यासाच्या फळीचा घेर सुमारे १४१४ मिमी, पण ३ मिमी पट्टीची बाहेरची बाजू त्याहून जवळपास १९ मिमी लांब भरते. म्हणून दोन्ही टोकं आठास एक अशी (जाडीच्या आठपट लांबीत) तिरपी तासून एकमेकांवर चढवा आणि जुळवणी फळीवरच करा. हा सांधा कपाटात मागच्या बाजूला जाईल असा ठेवा. फळी फिरती असेल तर ती सोय नसते, तिथे दोन्ही टोकांच्या रेषा आणि रंग जुळवण्यावर वेळ घाला.

पट्टी फळीपेक्षा दीड-दोन मिमी रुंद ठेवलेली असते. ती जास्तीची कड गोंद पूर्ण सुकल्यावर ट्रिमरनं (लहान राउटर) किंवा रंध्यानं काढा, शेवटचा केसभर स्क्रेपरनं (खरवडायची पोलादी पट्टी). पॉलिश पेपरनं काढायला गेलात तर प्लायचा वरचा पापुद्रा बघता बघता निघून जातो. स्वयंपाकघरात वाफ आणि ओला हात कायम असतो, त्यामुळे खालच्या कडेला आणि सांध्यावरही पॉलिशचे तेवढेच हात द्या जेवढे वर देता.